काचेच्या छपराची गाडी

एक्सरेबाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांनी घरात दोन गोष्टी जाहीर केल्या. पहिली, सकाळी सहाचा गजर आता कायमचा बंद. दुसरी, त्यांना स्पोर्ट्स कार घ्यायची आहे.

पहिली गोष्ट त्यांच्या नवऱ्याने मान डोलावून मान्य केली. नवरा गणिताचा शिक्षक होता, तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला, आणि घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दुसरी गोष्ट ऐकून मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय घ्यायचीय म्हणालीस?"

"स्पोर्ट्स कार. जुनी चालेल. पण छप्पर काचेचं हवं, आणि ते उघडायला हवं."

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगाच नाही."

"म्हणू देत. ही तर नाठी व्हायचीच होती, निदान गाडीतून जाईल."

बाई विनोद करत असल्या तरी चेष्टा करत नव्हत्या. तेहेतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या तळघरात एक्सरे काढले होते. शिशाचं अस्तर लावलेलं जड दार, छतावरून गेलेले पाण्याचे पाइप, सतत गुणगुणणारी ट्यूबलाइट. सकाळी आठला खाली उतरायचं, संध्याकाळी पाचला वर यायचं. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्यांना पेशंटच्या कपड्यांवरून कळायचं. छत्री टपकत असली तर पाऊस, मान लाल झालेली असली तर ऊन. हवामान खात्यापेक्षा त्यांचा अंदाज बरा होता, पण तो नेहमी दुसऱ्याच्या अंगावरचा होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात एकदा त्या सिग्नलला रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. समोर एक बुटकी, दोन दारांची गाडी थांबली. तिच्या छपराची काच आवाज न करता मागे सरकली. आत बसलेल्या बाईने मान वर केली आणि आकाशाकडे बघत लांबलचक जांभई दिली. बस, एवढंच. सिग्नल सुटला, गाडी गेली. एक्सरेबाई मात्र पुढचा सिग्नल पडेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. इतकी निवांत जांभई आपण आयुष्यात कधी दिली नाही, हे त्यांना आठवत राहिलं.

लेक परगावी होती. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, आपल्यात पोरगी कोण आहे, मी की तू? आणि दोनच सीट असतात त्यात. मी आले की बसू कुठे?"

"तू टॅक्सीने ये," बाई म्हणाल्या.

शोधाशोध सुरू झाली. बहुतेक जाहिराती वाचूनच बाईंना थकवा यायचा: वेग, ताकद, चकचकीत चाकं. एका संध्याकाळी मास्तरांनीच एक जाहिरात मोठ्याने वाचली. इतका वेळ ते कानावर हात ठेवून होते, पण नीटस मराठी दिसलं की त्यांना राहवत नसे. "दोन सीटची गाडी. बारा वर्षं एकाच हातात. छप्पर काचेचं, उघडणारं, सध्या अडणारं. अडतं का ते विचारण्याआधीच सांगितलं आहे. घाई असलेल्यांनी फोन करू नये."

"हा माणूस मला बघायचाय," बाई म्हणाल्या.

तो माणूस घड्याळजी होता. वय पंचाहत्तरच्या आसपास, अंगात इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं. तिथे आता मुलगा बसायचा, घड्याळं विकायचा, बॅटऱ्या बदलायचा. दुकानाच्या मागे घर, घराच्या मागे फरसबंदी अंगण आणि अंगणाच्या टोकाला गॅरेज. घड्याळजींनी दार वर सरकवलं. गाडी गडद हिरवी होती, शेवाळासारखी. बाईंच्या कमरेएवढीच उंच.

"बसून बघा," घड्याळजी म्हणाले. "म्हणजे बसायचं नसतं यात, पडायचं असतं. आधी पाठ टाका, मग पाय उचलून आत घ्या."

बाई पडल्या. मास्तर दुसऱ्या बाजूने पडले, पण त्यांचे गुडघे हनुवटीला लागले आणि तसेच राहिले.

"आता बाहेर कसं यायचं?" त्यांनी आतून विचारलं.

"त्याची घाई कशाला?" घड्याळजी म्हणाले. मग बाईंकडे वळले. "चार जण येऊन गेले. सगळ्यांनी विचारलं, किती पळते? मी म्हटलं, तुम्ही तिच्या मागे पळून बघा. तुम्हाला कशाला हवी?"

बाईंनी त्यांना तळघराचं सांगितलं, आणि सिग्नलवरच्या जांभईचंही. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्या डोळ्यांत बघत नाही, कानाकडे बघतो. शिष्ट दिसतोय, असं त्यांना वाटलं.

घड्याळजींनी आत हात घालून एक बटण दाबलं. डोक्यावरची काच वीतभर मागे सरकली, आत कुठेतरी कट्ट झालं आणि ती थांबली.

"इथवरच. गेल्या पावसाळ्यापासून अडतंय. बाकी इंजिन घड्याळासारखं आहे. हे मी म्हणतोय, तेव्हा त्याला काही अर्थ आहे."

बाईंना गाडी आवडली होती. पण दुधाने तोंड पोळलेले मास्तर ताकही फुंकून पिणारे. पूर्वी एकदा जुना फ्रिज घेऊन ते फसले होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते ओळखीच्या मेकॅनिकला घेऊनच आले. तो आडव्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने गाडी फिरवून आणली, बॉनेट उघडलं, खाली झोपून बघितलं. इंजिनाला नाव ठेवायला जागा नव्हती. मग त्याने सीटखालचा गालिचा एका कोपऱ्यातून उचलला.

खाली पाणी होतं. दोन बोटं खोल, गढूळ. पत्र्यावर गंजाचे डाग आले होते.

"छपराचं आहे," मेकॅनिक म्हणाला. "काचेच्या चार कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात. तिथून नळ्या खाली जातात. त्या बुजल्यात, म्हणून पाणी आत उतरलं. आणि काच सरकवणारा प्लास्टिकचा तुकडा तुटलाय, नखाएवढा. तो सुटा मिळत नाही. कंपनी आख्खं छप्परच विकते." मग त्याने बाईंना बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. "सोडा ही. म्हातारा पक्का आहे. अडलेलं छप्पर दाखवून खरेपणा मिरवला आणि खालचं पाणी लपवलं."

घड्याळजींना ते ऐकू गेलं. ते गुडघे टेकून खाली बसले आणि गाडीत हात घातला. हात आधी कोरड्या जागी पडला. मग चाचपत चाचपत पाण्यात गेला आणि तिथेच थांबला.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

मेकॅनिकने मास्तरांकडे बघून भुवई उडवली. बाई मात्र घड्याळजींच्या हाताकडे बघत होत्या. गालिच्यावर ताटाएवढा काळा डाग होता. तो समोर असताना त्यांचा हात वीतभर बाजूला पडला होता. तेहेतीस वर्षांत बाई एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या: दुखतं कुठे हे पेशंट तोंडाने सांगतो त्याआधी त्याच्या दारातून येण्याने सांगतो. कोणता खांदा उचललेला आहे, कोणता पाय जपला जातोय. त्यांनी गाडीच्या कप्प्यातलं सर्व्हिसिंगचं पुस्तक काढलं आणि घड्याळजींच्या हातात दिलं.

"शेवटची तारीख कोणती आहे हो?"

घड्याळजींनी पुस्तक उघडलं, चेहऱ्यासमोरून जरा बाजूला धरलं आणि मान वाकडी केली, पाखरू दाण्याकडे बघतं तशी. मग पुस्तक मिटलं. "चष्मा आत राहिला."

मास्तर मेकॅनिकला सोडायला रस्त्यापर्यंत गेले, तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मधलं दिसेनासं होऊन."

घड्याळजी गॅरेजमधल्या स्टुलावर बसले. हात पुसायला त्यांनी फडकं घेतलं आणि बराच वेळ पुसत राहिले.

"दोन वर्षं. आधी अक्षरं वाकडी दिसायची. आता मधोमध डाग आहे, पुसून न जाणारा. कडेकडेचं दिसतं. तुमचं तोंड मला दिसत नाही, बाई. कान दिसतात. चांगले आहेत."

बाईंना हसू आलं आणि काल या माणसाला शिष्ट म्हटल्याची लाजही वाटली.

"आणि तरी गाडी चालवत होतात?"

"चालवत होतो." त्यांनी फडक्याची घडी घातली. "रस्ता पाठ होता. दुकान, बँक, बाजार. म्हणायचो, एवढ्याला काय होतंय? चार महिन्यांपूर्वी या कोपऱ्यावर वळलो. एक मुलगी सायकलवर होती. ती नेमकी माझ्या मधोमध होती, म्हणून दिसलीच नाही. ती ओरडली म्हणून मी ब्रेक दाबला. तिच्या चाकात आणि माझ्या गाडीत एवढंच अंतर राहिलं." त्यांनी दोन बोटं उचलून दाखवली. "ती मला नाही नाही ते बोलून गेली. बरोबरच बोलली. मी गाडी आत आणली, दार लावलं. त्यानंतर हात लावलेला नाही."

"घरी माहीत आहे?"

"मुलाला वाटतं मोतीबिंदू आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करू म्हणून मी त्याला वर्षभर झुलवतोय."

मास्तर परत आले तसे घड्याळजी उठले. "मास्तर, पाणी साचलेली गाडी मी कोणाला विकणार नाही. आधी दुरुस्त करीन. मग तुम्हाला हवी असली तर बघा."

"पण तो तुकडा मिळतच नाही म्हणे."

"मिळत नाही, पण बनतो की! त्याहून बारीक चाकं मी पन्नास वर्षं बनवली. माझी बोटं शाबूत आहेत." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "फक्त शेवटचं केसभर बघायला डोळे लागतात."

"डोळे माझे घ्या," बाई म्हणाल्या.

घरी जाताना मास्तर बसमध्ये म्हणाले, "दुसऱ्याची गाडी आपण दुरुस्त करायची आणि मग तीच विकत घ्यायची. हे कुठलं गणित?"

बाईंनी त्यांना डोळ्यांचं सगळं सांगितलं. मास्तर दोन स्टॉप जाईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "नळ्या मी साफ करतो. तेवढ्याला डिग्री लागत नसावी."

पुढच्या चार दुपारी त्या गॅरेजमध्ये गेल्या. मास्तरांनी गाडीचं जाडजूड माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं. असं करणारा पृथ्वीतलावर आपण पहिलाच माणूस असू, अशी त्यांना खात्री होती. मग जाड नायलॉनची दोरी घेऊन ते छपराच्या चारी कोपऱ्यांच्या मागे लागले. तीन नळ्यांतून कुजलेली पानं आणि चिखल निघाला. चौथीने त्यांच्या नाकी नऊ आणले. शेवटी तिच्यातून मातीचं एक वाळकं घर बाहेर पडलं, कुठल्याशा गांधीलमाशीने बांधलेलं. मास्तरांनी ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं. लेकीच्या बारशाला तिला दाखवत फिरले होते, तसेच.

घड्याळजींनी दुकानातला जुना बाक गॅरेजमध्ये आणवला होता. त्याला बसवलेल्या छोट्या व्हाइसमध्ये पितळेचा तुकडा पकडून ते कानशीने घासायचे. तुटलेला प्लास्टिकचा तुकडा डाव्या हातात. अंगठ्याने त्याची कड चाचपायची, मग पितळेची, मग पुन्हा त्याची. त्यांचे डोळे त्या वेळी दाराबाहेर कुठेतरी असायचे. बाई शेजारी भिंग लावून बसायच्या.

"डावीकडे जास्त आहे. अजून थोडं. थोडं म्हणजे निम्मं थोडं."

"हे कसलं माप?"

"तुम्ही घासा हो."

तिसऱ्या दुपारी अगदी बारीक काम आलं. खाच कापायची होती, केसभर चुकली तर सगळं पहिल्यापासून. घड्याळजींनी कानस खाचेवर टेकवली. बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."

घड्याळजींनी श्वास रोखला. कानस तीनदा फिरली.

"सोडा," बाई म्हणाल्या.

मागे मास्तरांनीही श्वास सोडला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

रोज चारच्या सुमाराला मुलगा चहा घेऊन यायचा. चाळिशीचा, शांत, वडिलांसारखाच बाह्या दुमडणारा. एकदा बाई कप द्यायला दारापर्यंत गेल्या तेव्हा तो म्हणाला, "बाबा तुमचं ऐकतात. त्यांना ऑपरेशनचं सांगा ना. साधा मोतीबिंदू तर आहे." बाईंनी कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बोलते." पण तो चहा त्यांना पचला नाही. मुलगा गेल्यावर त्या सरळ घड्याळजींपुढे उभ्या राहिल्या.

"त्याला कधी सांगणार?"

"गाडी गेली की."

"गाडीचा काय संबंध?"

"आहे." घड्याळजींनी कानस खाली ठेवली. "गाडी मी विकली, असं व्हायला हवं. माझ्या हातातून काढून घेतली, असं नको. आज त्याला कळलं तर उद्या तो किल्ली लपवेल. मग मी आयुष्यभर किल्ली लपवलेला म्हातारा होईन."

बाईंना ते पटलं नाही, पण कळलं.

चौथ्या दुपारी तुकडा बसला. गॅरेजात छपरावर छप्पर, म्हणून चौघांनी मिळून गाडी अंगणात ढकलली. मुलालाही दुकानातून बोलावलं होतं. बाई आत पडल्या, बटणावर बोट ठेवलं. काच वीतभर सरकली, आणि मग न थांबता, न कुरकुरता पार मागे गेली. वर मोकळं निळं आकाश होतं आणि त्यात एकच ढग, तोही घाईत नसलेला. ऊन बाईंच्या मांडीवर येऊन पडलं. त्यांनी हात पुढे केला. हाताच्या पाठीवर ऊन कसं लागतं हे जणू त्यांना कोणी तपासायला सांगितलं होतं.

"गेली का पूर्ण?" घड्याळजींनी विचारलं.

"गेली," तिघंही एकदम म्हणाले.

पुढच्या मंगळवारी गाडी बाईंच्या नावावर करायला सगळे वाहन नोंदणीच्या कचेरीत जमले. मुलगा वडिलांना गाडीतून घेऊन आला. बाई आणि मास्तर बसने. मुलगा फॉर्म आणायला गेला तेव्हा घड्याळजी बाईंना हळूच म्हणाले, "सही कुठे करायची तिथे तुम्ही बोट ठेवा. मी बोटाजवळ करतो. त्याला कळायचं नाही." बाईंना ते आवडलं नाही. पण शेवटचं एकदाच, असं म्हणून त्या हो म्हणाल्या.

खिडकीतल्या कारकुनाने कागद सरकवले. "इथे, इथे, आणि मागच्या बाजूला." त्याने पेनाने तीन फुल्या केल्या आणि दुसऱ्या कागदाला लागला.

घड्याळजींनी पेन घेतलं. बाईंनी पहिल्या फुलीजवळ बोट ठेवलं. मुलगा शेजारीच उभा होता. पेन कागदाला टेकलं, पण हललं नाही. बाईंना वाटलं, बोट दिसत नसेल. त्यांनी ते थोडं बाजूला घेतलं.

"नाही, बोट दिसतंय," घड्याळजी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मुलाच्या दिशेने वळले. "मला ही रेघ दिसत नाही. फुलीही दिसत नाही. तुझं तोंडही दोन वर्षं नीट दिसलेलं नाही. तो मोतीबिंदू नाही."

मुलाने आधी बाईंकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर त्याला उत्तर मिळालं.

"म्हणून गाडी विकताय?"

"हो. एका मुलीला धडक देता देता राहिलो."

मागे रांग होती. कारकुनाने मान वर केली. "सही करायचीय की नाही? नसेल तर पुढच्याला येऊ द्या."

"करायचीय," मुलगा म्हणाला. त्याने बाईंच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. बाईंनी आपलं काढून घेतलं.

"इथे, बाबा," तो म्हणाला. "आता इथे. पान उलटतो, थांबा. हं, इथे."

तिन्ही सह्या फुलीवर नेमक्या पडल्या. कारकुनाने शिक्के मारले आणि बाईंना कागद दिले. घड्याळजींनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्यांची मूठ मिटवली.

चौघं बाहेर आले. हिरवी गाडी भिंतीला लागून उन्हात उभी होती. दोन सीट आणि चार माणसं. मुलगा वडिलांच्या कोपराला धरून उभा होता. वडिलांना ते आवडत नव्हतं, तरी त्यांनी कोपर सोडवून घेतलं नाही. दोघांकडे एकमेकांशी बोलायला दोन वर्षांचं साठलेलं होतं आणि बोलायला जागा कुठेच नव्हती. बाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं. मग किल्ली मुलाच्या पुढे धरली.

"तुम्ही दोघं जा. लांबच्या रस्त्याने गेलात तरी चालेल. संध्याकाळी मी येऊन घेऊन जाईन."

"पण गाडी आता तुमची आहे," मुलगा म्हणाला.

"माझी आहे म्हणूनच सांगतेय. आणि छप्पर उघडा. यांना कडेचं दिसतं."

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मास्तर बघत राहिले. "तीन महिने शोधली, चार दिवस खपलो, पाच मिनिटांपूर्वी आपली झाली," ते म्हणाले. "आणि आपण बसने!"

"चला, नाहीतर तीही चुकेल."

संध्याकाळी पाचला दोघं घड्याळजींच्या अंगणात पोचले तेव्हा गाडी तिथे उभी होती, इंजिन बंद, छप्पर उघडं. आत दोघंही बसलेले. शब्द ऐकू येत नव्हते, फक्त आवाज. एकदा मुलाचा चढला, एकदा वडिलांचा. बाई आणि मास्तर गॅरेजच्या पायरीवर टेकले. मास्तरांनी घड्याळात बघितलं नाही, हे त्यांच्या मानाने पुष्कळ होतं.

शेवटी दार उघडलं. मुलाचे डोळे लाल होते. "नदीच्या कडेकडेने फिरून आलो. उशीर झाला. उद्याची वेळ घेतलीय डोळ्यांच्या डॉक्टरांची."

घड्याळजी दुसऱ्या बाजूने उतरले. म्हणजे बाहेर आले, कसेबसे. त्यांचे विरळ केस उभे राहिले होते. "झाडं दिसली," ते बाईंना म्हणाले. "दोन्ही बाजूंनी, वरून येऊन मागे जाताना. बारा वर्षं मी समोर बघत होतो. ही झाडं इतकी वाकलेली आहेत हे मला माहीतच नव्हतं."

मग बाई गाडी घेऊन निघाल्या. हा प्रवास काही फार शोभेचा झाला नाही. पहिल्याच वळणावर इंजिन बंद पडलं, त्यांचे केस तोंडात गेले, आणि मास्तर एका हाताने चष्मा आणि दुसऱ्या हाताने दार धरून होते. सिग्नलला शेजारी एक बस येऊन उभी राहिली. तिच्या खिडकीतून एका गृहस्थाने थेट त्यांच्या छपरातून खाली डोकावलं.

"किती देते हो?"

"लिटरला साडेतेरा," मास्तर वर बघून ताठ मानेने म्हणाले. "शहरात. बाहेर सोळा."

त्यांच्या आवाजातला अभिमान ऐकून बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

डॉक्टरांनी घड्याळजींना जे सांगितलं ते गोड नव्हतं. उजव्या डोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं. डाव्याला इंजेक्शनं दिली तर आहे ते टिकेल. आणखी उशीर झाला असता तर तेही उरलं नसतं. वर्षभर आधी आला असतात तर, असंही ते म्हणाले. त्या "तर"चा घड्याळजींनी पुढे कधी उच्चार केला नाही. मुलाने केला, पण एकदाच.

महिन्याभराने एक्सरेबाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा बाक गॅरेजमधून परत दुकानात आला होता, खिडकीच्या बाजूला. समोर तो आडव्या अंगाचा मेकॅनिक उभा होता. हातात कुठल्याशा गाडीच्या दाराचा मोडका खटका. हा सुटा मिळत नाही, कंपनी आख्खं दारच विकते, असं तो सांगत होता, आणि सांगताना जरा अवघडलेला होता. घड्याळजी खटक्यावरून अंगठा फिरवत होते.

"होईल," ते म्हणाले. "गुरुवारी या. आणि येताना याचा तुटलेला दुसरा तुकडाही आणा, मला त्याची कड लागेल."

मुलाने काउंटरच्या मागून मान वर केली, बाईंना बसायला खुर्ची पुढे केली आणि भिंग वडिलांच्या हाताजवळ सरकवून पुन्हा आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला.